डॅशबोर्डवरचा दिवा बंद, म्हणजे टायरची हवा बरोबर?

‘टायर प्रेशर सेन्सर असलेल्या गाडीत हवा तपासावी लागत नाही, कमी झाली की दिवा लागतोच’ असा समज बराच जुना आहे. दिवा लागतो हे खरं, पण उशिरा. अनेक गाड्यांत हवा शिफारशीपेक्षा सुमारे 25 टक्के उतरल्यावरच तो पेटतो. म्हणजे 32 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवी असेल, तर 27 ला तो गप्पच राहू शकतो.

काही गाड्यांत हवेचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. एबीएसचे (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे) सेन्सर चाकांच्या फिरण्यातला फरक पाहून अंदाज बांधतात. चारही टायर सारखेच उतरले, तर ते अशा यंत्रणेच्या लक्षात येईलच असं नाही. चाकातल्या सेन्सरची बॅटरीही काही वर्षांनी संपते.

पडताळणी सोपी आहे. इग्निशन चालू केल्यावर दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. मिनिटभर लुकलुकून तसाच राहिला, तर बहुतेक वेळा बिघाड यंत्रणेत असतो. मग गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर, टायर थंड असताना गेज लावा आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरशी जुळवा. टायरवर छापलेल्या आकड्याशी नको, ती कमाल मर्यादा असते.