कृष्णविवरांचं वजन सांगणारी ‘चर्प’

14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टनच्या लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेत दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाचा संकेत आला आणि सुमारे 7 मिलिसेकंदांनी तोच हॅनफर्डच्या दुसऱ्या लायगो वेधशाळेतही पोचला. कालावधी जेमतेम 0.2 सेकंद. तेवढ्यात त्याची वारंवारता 35 हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला 35 आवर्तनं) 250 हर्ट्झपर्यंत चढली आणि सगळं शांत झालं. गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाश-काळातच उठणारे तरंग; त्यांना आवाज नसतो, पण ही वारंवारता माणसाच्या कानाच्या टप्प्यातली असल्यामुळे संकेत स्पीकरवर लावला की खालून वर झेपावणारा सूर ऐकू येतो. शास्त्रज्ञ त्याला ‘चर्प’, म्हणजे चिवचिव, म्हणतात.

सूर चढतो का? एकमेकांभोवती फिरणारी दोन कृष्णविवरं लहरींवाटे ऊर्जा गमावतात, म्हणून जवळ येतात, आणि जवळ आली की आणखी वेगाने फिरतात. एका फेरीत लहरीची दोन आवर्तनं होतात. म्हणजे 35 हर्ट्झला सेकंदाला सतरा-अठरा फेऱ्या, आणि एकमेकांत मिसळताना, म्हणजे 150 हर्ट्झच्या आसपास, सुमारे 75! सूर्याच्या कित्येक पट वस्तुमानाच्या गोष्टी या वेगाने फिरतात, हे मला अजूनही थक्क करतं.

खरी गंमत चढण्याच्या वेगात आहे. जड जोडी झटपट चढते, हलकी रेंगाळते. त्या वेगावरूनच वस्तुमानं निघाली: सुमारे 36 आणि 29 सूर्य. विलीन झाल्यावर उरले 62. तीन सूर्यांइतकं वस्तुमान लहरींच्या रूपात निघून गेलं. ऑगस्ट 2017 मध्ये टिपलेली न्यूट्रॉन ताऱ्यांची, म्हणजे या कृष्णविवरांहून खूप हलक्या पण अतिघन ताऱ्यांच्या जोडीची, चर्प मात्र चांगली 100 सेकंद चालली.

हे टिपायचं कसं? 2015 च्या संकेताने लायगोच्या 4 किलोमीटरच्या भुजांच्या (लेझर किरण ज्यांतून धावतात त्या लांब नळ्यांच्या) लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी होता. एवढा क्षीण संकेत गोंगाटात सहज बुडतो. म्हणून अपेक्षित चर्पचे असंख्य नमुने आधीच गणिताने तयार ठेवायचे आणि आलेल्या नोंदीशी एकेक जुळवून पाहायचे. हे नमुने कसे निवडावेत, यावर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतल्या संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्येच शोधनिबंध लिहिला होता, पहिल्या संकेताच्या तब्बल 24 वर्षं आधी. हे काम मराठी घरांत आणखी माहीत व्हायला हवं.

चर्प आली कुठून, हे दोनच वेधशाळांवरून नेमकं कळत नाही. 2015 मध्ये आकाशाचा सुमारे 600 चौरस अंशांचा पट्टा हाती आला. दूरवर आणखी एक वेधशाळा असेल तर हा पट्टा बराच आक्रसतो. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया उभारायची आहे ती त्यासाठीच. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिला मंजुरी दिली. खर्च सुमारे 2,600 कोटी रुपये. तिच्याही भुजा 4 किलोमीटरच्याच असतील.