बिल येतं ते उष्णतेचं

दिवा चालू ठेवून कोणी खोलीबाहेर पडलं की घरातलं दुसरं कोणीतरी हटकतंच. सवय चांगली आहे, पण आकडे मांडून पाहिले तर हा ओरडा बहुतेकदा चुकीच्या जागी पडतो. ९ वॅटचा एलईडी दिवा १० तास चालू राहिला तर ०.०९ युनिट वीज जाते. सकाळी १५ लिटर पाणी २० अंश सेल्सिअसवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.३८ युनिट लागतं. म्हणजे एका बादलीच्या विजेत तो विसरलेला दिवा चार रात्री चालला असता. आणि बादली सांडली म्हणून कोणी विजेच्या नावाने ओरडत नाही.

युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण तासभर चालवायला लागणारी वीज, ज्यूलमध्ये सांगायचं तर ३६ लाख ज्यूल. एवढ्या ऊर्जेत एक टन वजन ३६७ मीटर उंच उचलता येतं. तीच ऊर्जा पाणी तापवायला वापरली तर १५ लिटर पाण्याचं तापमान जेमतेम ५७ अंशांनी वाढतं. जेम्स जूल यांनी १८४०च्या दशकात याचंच मोजमाप केलं होतं. खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर ते पाण्यात पाती फिरवायचे. वजनं पुन्हा पुन्हा वर नेऊन सोडली तरी पाणी तापायचं ते अंशाच्या काही भागाइतकंच. हलवणं, फिरवणं, उजेड पाडणं ही कामं स्वस्तात होतात. तापवायला मात्र भरपूर ऊर्जा लागते. घरातल्या बिलाकडे बघताना हे एवढं डोक्यात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

म्हणून पहिली नजर गीझरवर. टाकीचा गीझर दिवसभर चालू ठेवला तर कमी वीज लागते, कारण ‘पुन्हा पुन्हा गार पाणी तापवावं लागत नाही’, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. ते खरं नाही. टाकीतून उष्णता किती वेगाने बाहेर झिरपते, हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. पाणी जितका वेळ कढत राहील तितका वेळ गळती जोरात चालू राहणार. बंद टाकी निवत जाते तशी गळतीही मंदावत जाते. त्यामुळे लागेल तेव्हाच तापवणं नेहमी स्वस्त पडतं. एक सावधगिरी मात्र हवी. टाकीत दिवसेंदिवस साठून राहणारं पाणी कोमट ठेवू नये, कारण लिजिओनेला नावाचे जिवाणू अशाच पाण्यात फोफावतात. साठवणीचं पाणी ६० अंशांपर्यंत तापलेलं बरं.

साधा गीझर एक युनिट विजेपासून फार तर एक युनिट उष्णता देतो. उष्मा पंप, म्हणजे हीट पंप, उष्णता तयार करण्याऐवजी बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. त्यामुळे तेवढ्याच विजेत तो अडीच-तीन युनिट उष्णता देऊ शकतो. घेताना महाग असतो, पण गरम पाणी भरपूर लागत असेल तर त्याचा विचार व्हायला हवा. आणि फुकटचा उपाय म्हणजे शॉवर कमी वेळ चालवणं. मिनिटाला ८-१० लिटर सोडणारा शॉवर दोनच मिनिटांत ती १५ लिटरची बादली ओलांडतो.

स्वयंपाकघरात उष्णता कुठून निसटते ते डोळ्यांना दिसतं. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. तेच सगळं पाणी वाफ करून उडवायचं तर २२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून जास्त. पाणी मोठ्या आचेवर खदखदत ठेवलं म्हणून ते १०० अंशांपलीकडे तापत नाही. ज्यादा आच फक्त वाफ करण्यात जाते. उकळी फुटली की आच बारीक करावी आणि वर झाकण ठेवावं, शिजायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. खरोखर लवकर शिजवायचं असेल तर पाण्याचा उत्कलनबिंदूच वर न्यावा लागतो. डेनिस पापां यांनी १६७९ मध्ये घट्ट झाकणाचं भांडं बनवून नेमकं तेच साधलं. आजचा कुकर दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास नेतो. पातेल्याच्या बाजूंनी वर चढणाऱ्या ज्वाळा मात्र स्वयंपाकघर तापवतात, पातेलं नाही.

फ्रिजचं दार उघडं ठेवू नकोस, हेही आपण सतत ऐकतो. ३०० लिटरच्या फ्रिजमधली सगळी हवा बदलून दमट गरम हवा आत शिरली असं धरलं, तरी ती गार करायला आणि तिच्यातली वाफ गोठवायला पंचवीस-तीस किलोज्यूलच उष्णता बाहेर काढावी लागते. हवा फार हलकी असते. याउलट ७० अंशांवरचं ३ लिटरचं पातळ पदार्थाचं पातेलं घाईघाईत आत सरकवलं, तर ८०० किलोज्यूलहून जास्त उष्णता काढावी लागते. तीसेक वेळा दार उघडल्यासारखंच झालं! पदार्थ पसरट भांड्यात ओतून वाफ जाईपर्यंत बाहेर ठेवावा आणि मग आत ठेवावा. तासन्‌तास बाहेर मात्र राहू देऊ नये, विजेपायी अन्न नासवण्यात शहाणपण नाही.

एअर कंडिशनर उष्णता बाहेर नेतो आणि ती भिंतींतून, खिडक्यांतून परत आत येते. बाहेर ३६ अंश असताना खोली २० अंशांवर ठेवली तर फरक १६ अंशांचा, २४ वर ठेवली तर १२ चा. आत झिरपणारी उष्णता तिथेच पाव हिश्श्याने घटते. शिवाय कॉम्प्रेसरलाही कमी जोर लावावा लागतो. रिमोटवर १८ आकडा लावल्याने साध्या कॉम्प्रेसरचा एसी काही लवकर गार करत नाही. तो आकडा कुठे थांबायचं एवढंच सांगतो. आणि ऊन? समोरून पडणारं कडक ऊन चौरस मीटरला सुमारे १००० वॅट उष्णता घेऊन येतं. दीड चौरस मीटरच्या खिडकीतून त्यातला मोठा भाग आत आला तर खोलीत एक हीटरच पेटवल्यासारखं होतं. पडदा आतून लावला तर काच ओलांडून आलेली उष्णता बऱ्याच अंशी आतच राहते. बाहेरून चिक, झडप किंवा सावली केली तर ती काचेपर्यंत पोहोचतच नाही.

पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम उडवून माणसाला गार करतो. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा उलट किंचित उष्णताच वाढवतो, कारण त्याची सगळी वीज शेवटी उष्णतेतच जाते. जुन्या मोटरच्या ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ब्रशलेस मोटरचा, म्हणजे बीएलडीसी, पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. दिवसाचे पंधरा तास पंखा चालणाऱ्या घरात हा बदल लवकर वसूल होतो.

मग प्लगला लटकलेल्या चार्जरचं काय? फोन न जोडलेला नवा चार्जर बहुधा एक दशांश वॅटच्या आसपास वीज घेतो. वर्षाचं होतं ०.८८ युनिट, म्हणजे गरम पाण्याच्या सव्वादोन बादल्या. त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही. सतत जागी असणारी मोठी उपकरणं ही वेगळी गोष्ट, आणि ती मीटरवर पकडता येतात.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा एक छोटा दिवा असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ ३२००. रात्री सगळे निजल्यावर, फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला असताना, दोन लुकलुकांमधले सेकंद मोजा. ३६ लाखाला आधी ३२०० ने आणि मग त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. २० सेकंद आले तर ५६ वॅट, आणि तेवढे वर्षभर चालू राहिले तर ४९० युनिटांच्या वर. मग घरातले एकेक स्विच बंद करत पुन्हा मोजा. कुठल्या स्विचला लुकलुक एकदम मंदावते ते कळलं, की टीव्हीमागचा डबा, राउटर की जुनाट म्युझिक सिस्टिम, यातला खरा खादाड कोण ते लगेच सापडतं.