सरकारी मालकीची रिकामी घरं (मुंबई)

म्हाडा (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण), एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), महापालिका अशा संस्थांच्या ताब्यातली बांधून तयार असलेली पण कुणीच राहत नसलेली घरं आणि ती भरायचे उपाय, हा या नोंदीचा विषय. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावलेले खासगी फ्लॅट यात येत नाहीत.

मुंबईत घर नको असणारा माणूस शोधून सापडणार नाही, तरी ही घरं पडून राहतात, कारण बांधताना पाणी, लोकल, दवाखाना, कामाचं ठिकाण याचा विचार नंतर होतो. सगळ्यात वाईट उदाहरण चेंबूरजवळच्या माहुलचं. मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा पाइपलाइनलगतच्या झोपड्या तोडल्या आणि लोकांना रिफायनरीच्या शेजारी नेऊन टाकलं, तिथल्या हवेच्या प्रदूषणावर हरित लवादाने २०१५ मध्येच बोट ठेवलं होतं, शेवटी २०१९ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की लोकांना तिथे पाठवू नका, दुसरीकडे राहायला महिना १५ हजार भाडं द्या. मग त्या बिल्डिंगांमधली हजारो घरं रिकामीच राहिली, पुढे महापालिकेने ती आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढली, तरी प्रतिसाद थंडच. किंमत कमी केली म्हणून हवा सुधारत नाही हो.

विरार-बोळींजला म्हाडाच्या हजारो घरांचं दुखणं पाण्याचं होतं. सूर्या योजनेचं पाणी आलं, सोडत सोडून ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ ठेवलं, तेव्हा कुठे विक्री हलली.

पनवेलजवळच्या कोनची गोष्ट वेगळी. एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरच्या योजनेतल्या १६० चौरस फुटांच्या दोन-दोन खोल्या जोडून गिरणी कामगारांसाठी घरं केली, २०१६ ला २४१७ घरांची सोडत निघाली, आणि चाव्या मिळायच्या आत कोविड आला, इमारती क्वारंटाइनसाठी घेतल्या, नंतर दुरुस्ती कोणी करायची यावर म्हाडा आणि एमएमआरडीएत घोळ. बंद घर लवकर खराब होतं, गळती लागते, दारं-खिडक्या मोडतात, फिटिंग चोरीला जातं. ज्यांनी गिरणीत आयुष्य काढलं त्या म्हाताऱ्या माणसांना नंबर लागूनही वर्षानुवर्षं थांबायला लावणं हे चूकच.

संक्रमण शिबिरांत, म्हणजे जुन्या इमारतींतल्या भाडेकरूंना तात्पुरतं ठेवायच्या घरांत, उलटी अडचण आहे, गाळा (खोली) रिकामा झाला की घुसखोर शिरतो. म्हाडाने त्यासाठी बायोमेट्रिक सर्वेक्षण हाती घेतलं, पण गाळा सुटल्यावर तो मूळ भाडेकरूला लगेच दिला तरच त्याचा उपयोग, फाइल सहा महिने फिरली तर दार पुन्हा दुसऱ्याच्या ताब्यात जातं.