‘पेशी किती आल्या?’ : प्लेटलेटच्या मोजणीची पार्श्वभूमी

पावसाळ्यात डेंग्यूचे पेशंट वाढले की कोल्हापुरात दवाखान्याच्या व्हरांड्यात एकच विचारणा ऐकू येते, ‘पेशी किती आल्या?’ ही चौकशी असते प्लेटलेटची. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला त्या दीड ते साडेचार लाख असतात. खरे तर प्लेटलेट ही पूर्ण पेशी नव्हेच. हाडांच्या मगजातल्या एका अवाढव्य पेशीचा तो सुटलेला, केंद्रक नसलेला तुकडा. तांबड्या पेशी दिसल्यापासून एवढे कळायला सव्वादोनशेहून जास्त वर्षे गेली. प्लेटलेट इतका काळ लपून राहिली ती चटकन चिकटण्याच्या गुणामुळे, आणि तोच गुण आजही मोजणीत घोळ घालतो.

डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने १६७४ मध्ये आपल्या एकभिंगी सूक्ष्मदर्शकातून तांबड्या पेशी पाहिल्या. त्यांचा व्यास सात-आठ मायक्रॉन, प्लेटलेटचा जेमतेम दोन-तीन. पण अडचण नुसत्या आकाराची नव्हती. रक्त शरीराबाहेर आले की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आकार सोडतात आणि त्यांचा चोथा होतो. एकोणिसाव्या शतकात अनेकांनी हे कण पाहिले, पण रक्तातला कचरा किंवा फुटलेल्या पांढऱ्या पेशींचे अवशेष म्हणून सोडून दिले.

इटलीच्या जूलिओ बिझोझेरोने ते वाहत्या रक्तात पाहिले. जिवंत प्राण्याच्या आतड्याजवळच्या पातळ पडद्यातल्या बारीक वाहिन्या त्याने भिंगाखाली धरल्या. वाहिनीला इजा केली की हे कण त्या जागी आधी चिकटतात आणि मग गुठळी धरते, हे त्याने १८८२ मध्ये मांडले. कोल्हापूर संस्थानाने डॉ. आनंदीबाई जोशी यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या, म्हणजे आजच्या सीपीआर रुग्णालयाच्या, स्त्री-विभागाची जबाबदारी १८८६ मध्ये देऊ केली, तेव्हा हा शोध अवघा चार वर्षांचा होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले आणि इथे रुजू होणे राहूनच गेले.

रक्त यकृतात तयार होते, हे प्राचीन वैद्य गेलनचे मत शतकानुशतके टिकले. रक्तपेशी हाडांच्या मगजात जन्मतात हे अर्न्स्ट नॉयमानने १८६८ मध्ये दाखवले. मगजातल्या अवाढव्य पेशी बिझोझेरोलाही माहीत होत्या, पण प्लेटलेटशी त्यांचे नाते त्याला जुळवता आले नाही. ते जुळवले १९०६ मध्ये जेम्स राइटने, रंगाच्या जोरावर: दोन्हींतले बारीक कण एकाच छटेत रंगतात हे त्याने पाहिले.

राइटच्या रंगाच्याच घराण्यातला लीशमनचा रंग (१९०१) आपल्याकडच्या लॅबमध्ये आजही रोज वापरतात. काचपट्टीच्या एका टोकापासून सेंटिमीटरभर आत रक्ताचा छोटा थेंब ठेवायचा, दुसरी पट्टी ३० ते ४५ अंशांत टेकवून एका दमात पुढे सारायची आणि स्मिअर, म्हणजे पट्टीवरचा रक्ताचा पातळ थर, लगेच वाळवायचा. वर दोन मिनिटे रंग. त्यातले मिथेनॉल पेशी पक्क्या करते. मग दुप्पट बफरचे, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे, पाणी (पीएच ६.८) घालून सात ते दहा मिनिटे थांबायचे आणि धुवायचे. कोल्हापूरच्या दमट हवेत जुलैमध्ये स्मिअर सावकाश वाळतो, उघड्या बाटलीतला रंगही ओल धरतो; मग तांबड्या पेशींत चमकते खळगे दिसतात. बफर अल्कधर्मी झाला तर सगळेच निळसर होते. शंभरपट मोठे दाखवणाऱ्या, तेल लावून वापरायच्या भिंगाखाली दहा ठिकाणी प्लेटलेट मोजून सरासरीला १५ ते २० हजारांनी गुणले की अंदाजे आकडा मिळतो.

यंत्र हे काम मिनिटभरात करते. वॉलेस कोल्टरचे पेटंट १९५३ चे: बारीक छिद्रातून जाणारा प्रत्येक कण विजेच्या प्रवाहाला अडथळा करतो आणि त्यावरून त्याचे आकारमान कळते. पण जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून असलेल्या ईडीटीए या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट गोळा होतात. यंत्राला तो गोळा प्लेटलेट वाटत नाही, आणि धडधाकट माणसाच्या रिपोर्टात आकडा वीस-तीस हजारांपर्यंत घसरतो. उलट फुटक्या तांबड्या पेशींचे तुकडे प्लेटलेट म्हणून मोजले गेले की आकडा फुगतो. म्हणून अनपेक्षित कमी आकडा आला की स्मिअरच्या शेपटाकडे, म्हणजे थराच्या पातळ टोकाकडे, गुठळ्या शोधाव्यात. सापडल्या तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत रक्त पुन्हा घ्यावे आणि येणाऱ्या आकड्याला १.१ ने गुणावे. हा खटाटोप टाळून पेशंटला घाबरवणे बरोबर नाही.

हा आकडा एकट्या रक्ताचा नाही. प्लेटलेट आठ-दहा दिवस जगतात. साधारण एक-तृतीयांश प्लीहेत साठलेल्या असतात. त्या बनवायचा हुकूम देणारे थ्रॉम्बोपोएटिन मुख्यतः यकृतात तयार होते, हे १९९० च्या दशकात उलगडले. त्यामुळे यकृत खराब झाले आणि प्लीहा वाढली तर मगज ठणठणीत असूनही आकडा घसरतो.

डेंग्यूत मात्र आकड्यापेक्षा केशवाहिन्यांकडे लक्ष हवे. माल्पिगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात पाहिलेल्या या बारीक वाहिन्या डेंग्यूत पाझरू लागतात, रक्तातले द्रव बाहेर जाते आणि रक्त घट्ट होते. हा धोका बहुधा ताप उतरल्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत असतो, नेमका घरचे निर्धास्त होतात तेव्हा. हिमॅटोक्रिट (रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण) २० टक्क्यांनी चढणे, पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, हिरड्यांतून रक्त येणे, यांतले काहीही दिसले तर पेशींच्या पुढच्या रिपोर्टची वाट न पाहता पेशंटला दवाखान्यात न्यावे. रक्तस्राव नसेल तर केवळ आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेटची पिशवी चढवण्याची सहसा गरज नसते.