हिमनदीवरील पदभ्रमण

हिमनदीवरील पदभ्रमण : वाटाड्यासोबत, बुटांना क्रॅम्पॉन (पोलादी टोकांची चौकट) बांधून हिमनदीच्या उघड्या बर्फावर काही तास चालण्याचा पर्यटनप्रकार. यात शिखर गाठायचे नसते. गिर्यारोहणाचा अनुभव लागत नाही. धडधाकट माणूस आणि साधारण आठ-दहा वर्षांवरील मूल यांना झेपेल अशा बेताने सहल आखलेली असते. आइसलँड, नॉर्वे, आल्प्स पर्वत, कॅनडातील रॉकी पर्वत, अर्जेंटिनातील पेरितो मोरेनो आणि न्यूझीलंडचा पश्चिम किनारा ही याची प्रमुख ठिकाणे. प्रस्तुत नोंदीत भर आइसलँडवर आहे. राजधानीतून मोटारीने निघावे आणि दोन-अडीच तासांत, समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर उंचीवर हिमनदीच्या टोकाशी उभे राहावे, अशा जागा जगात थोड्याच आहेत.

एक गल्लत आधीच दूर केलेली बरी. लडाखमधला ‘चादर ट्रेक’ महाराष्ट्रात बराच लोकप्रिय आहे, पण चादर म्हणजे हिवाळ्यात गोठलेल्या झंस्कार नदीचा पृष्ठभाग. खाली पाणी वाहते, उन्हाळा आला की चादर नाहीशी होते. हिमनदी मुळात पाणी गोठून बनत नाही. वर्षानुवर्षे साचलेला हिम स्वतःच्याच भाराने दबतो, त्यातली हवा निघून जाते, त्याचा घट्ट बर्फ होतो आणि तो उतारावरून सावकाश सरकू लागतो. वरचा काही दशक मीटरांचा थर ठिसूळ राहतो, खालचा दाबाखाली लवचीक होतो. खालचा थर वाकतो. वरच्याला वाकता येत नाही म्हणून तो तडकतो. या तडकण्यातून ज्या भेगा पडतात, त्यांच्यासाठीच वाटाड्या लागतो.

सह्याद्रीत भटकणाऱ्याला वाट म्हणजे काय ते ठाऊक असते : मळलेली पायवाट, दगडावर रंगवलेला बाण, फार तर धुक्यात चुकलेली घळ. हिमनदीवर बाण रंगवला तर काही आठवड्यांनी तो वितळून जाईल. न वितळला तरी सरकून भलत्या जागी गेलेला असेल. आइसलँडमधल्या सखल भागातल्या हिमनद्यांवर उन्हाळ्यात दिवसाला काही सेंटिमीटर बर्फ वितळतो. कालच्या पायऱ्या आज गुळगुळीत होतात, मागच्या आठवड्यातला बर्फाचा पूल या आठवड्यात नसतो. त्यामुळे वाटाडे सकाळी येऊन कुऱ्हाडीने पायऱ्या पुन्हा पाडतात आणि त्या दिवसापुरती वाट ठरवतात. पर्यटक पैसे मोजतो ते मुख्यतः या रोजच्या पारखीचे. बूट, हेल्मेट, कुऱ्हाड भाड्यानेही मिळते.

उघडा बर्फ व झाकलेला बर्फ : नवख्याला शुभ्र, सपाट हिमाचे मैदान सुरक्षित वाटते आणि राखेने काळवंडलेला, भेगांनी चिरलेला बर्फ पाहून धडकी भरते. प्रत्यक्षात उलट आहे. हिमनदीच्या खालच्या भागात उन्हाळ्यात वरचा हिम वितळून बर्फ उघडा पडतो. तिथली प्रत्येक भेग दिसते, म्हणून ती टाळता येते. वरच्या भागात मात्र ताज्या हिमाची साय भेगांच्या तोंडावर धरलेली असते आणि पाऊल पडले की ती खचू शकते. म्हणूनच उघड्या बर्फावर बहुधा दोर न बांधता एकामागोमाग एक चालतात, तर हिमाच्छादित भागात सगळ्यांना अंतर ठेवून एका दोरात ओवतात. एक जण पडला तर बाकीच्यांच्या वजनाने तो अडावा, हा हेतू. उघड्या बर्फावरही कमरेला हार्नेस असतोच. प्रसंग ओढवला तर माणसाला दोर अडकवायला जागा हवी. दोर, कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) आणि बर्फात पिळून बसवायचे पोकळ स्क्रू वाटाड्याच्या पाठपिशवीत असतात.

चालण्याची रीत : क्रॅम्पॉन बांधणे हा सहलीतला पहिला धडा, आणि वाटाडा प्रत्येकाचे पट्टे स्वतः ओढून पाहतो. सैल पट्टा अर्ध्या वाटेत सुटला तर माणूस एका पायावर उभा राहतो. बुटाचा तळ ताठ आणि घोटा झाकलेला लागतो. धावण्याच्या मऊ बुटावर चौकट टिकत नाही. जीन्स चालत नाही, कारण ती एकदा भिजली की वाळत नाही. पट्ट्याचे लोंबते टोक आत खोचायचे आणि पाय थोडे फाकवून चालायचे, कारण एका पायाची टोके दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकून पडणे हा इथला सगळ्यात सामान्य अपघात आहे.

मराठी ट्रेकरला खरी अडचण वेगळीच येते. कातळटप्प्यावर बुटाची कड रोवायची, चवड्यावर भार द्यायचा, ही त्याच्या पायांना लागलेली सवय. बर्फावर ती मोडावी लागते. सगळा तळवा एकदम, जरा आपटूनच टेकवायचा म्हणजे खालची सगळी टोके रुततात. कड टेकवली तर दोन-तीनच टोके धरतात आणि पाय निसटतो. उतरताना मागे रेलण्याचा मोह होतो. गुडघे वाकवून भार पुढे ठेवावा लागतो. पंधरा-वीस मिनिटांत पायांना हे कळते. बर्फाची जातही रोज सारखी नसते. ऊन पडत असले की पृष्ठभाग पांढरा, खरखरीत आणि पकड देणारा होतो. पावसाने तो खरखरीत थर धुऊन नेला की खालचा निळा, काचेसारखा बर्फ उघडा पडतो. छायाचित्रात तो देखणा दिसतो, चालायला वाईट.

क्रॅम्पॉनचे आजचे रूप फार जुने नाही. ऑस्कर एकेन्स्टाइन या गिर्यारोहक अभियंत्याने १९०८ मध्ये दहा टोकांच्या चौकटीचा आराखडा केला आणि इटलीतील कुरमायर गावच्या ग्रिव्हेल या लोहाराने ती घडवली. त्याआधी बहुधा पायऱ्या पाडत जात किंवा खिळे ठोकलेले बूट घालत.

बर्फावर काय दिसते : सहल तीन ते पाच तासांची असली तरी तो सगळा वेळ बर्फावर नसतो, त्यातला बराचसा पायपिटीत आणि बांधाबांधीत जातो. आइसलँडची हिमनदी पहिल्या नजरेला निराश करू शकते. ती काळी असते. जुन्या ज्वालामुखीच्या उद्रेकांची राख बर्फात थराथराने गाडली गेलेली असते आणि बर्फ वितळेल तशी वर येते. तिचे पुरुषभर उंचीचे काळे शंकू दिसतात. राखेचेच ढीग वाटतात. वाटाडा कुऱ्हाडीने एका बाजूला टोला मारतो आणि बोटभर राखेखाली स्वच्छ बर्फ चमकतो. राखेचा पातळ थर उष्णता शोषून बर्फ लवकर वितळवतो. जाड थर उलट त्याला झाकून वाचवतो. भोवतालचा बर्फ खाली जातो आणि झाकलेला शंकू होऊन उभा राहतो.

वितळलेल्या पाण्याचे ओहोळ पृष्ठभागावरून वाहत येऊन एखाद्या गोल, उभ्या विवरात कोसळतात. काठाशी गेले की पाण्याचा आवाज आधी छातीत जाणवतो. तिथे वाटाडा कुऱ्हाड बर्फात ठोकून तिला एका हाताने धरतो, दुसऱ्या हाताने पर्यटकाचा हार्नेस पकडतो, आणि मग त्याला वाकून आत पाहू देतो. वरचा पांढरा कडा खाली जाता जाता निळा, गडद निळा आणि मग काळा होत जातो. दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा तेवढा परत पाठवतो, म्हणून हा रंग.

सर्वांत गमतीची गोष्ट मात्र पायाशी असते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते : बर्फावर सुटे पडलेले शेवाळाचे हिरवे गोळे. एखाद्या खड्याभोवती शेवाळ सर्व बाजूंनी वाढून ते होतात. सर्व बाजूंनी वाढायचे तर गोळा अधूनमधून उलटलाच पाहिजे, आणि तो उलटतोही. आइसलँडचे संशोधक यॉन एयथोरसन यांनी १९५० च्या सुमारास त्यांना ‘हिमनदीचे उंदीर’ असे नाव दिले. तेच आजही चालते.

वाटाड्यांचा व्यवसाय : पर्यटकाला हिमनदीवर नेण्याची रीत आल्प्समध्ये रुजली. १७४१ मध्ये विल्यम विंडहॅम आणि रिचर्ड पोकॉक हे इंग्रज फ्रान्समधील शामोनीला पोचले आणि स्थानिक शेतकऱ्यांना सोबत घेऊन तिथली हिमनदी पाहून आले. स्फटिक शोधणारे आणि रानबकऱ्यांचे शिकारी हेच तिथले पहिले वाटाडे. १८२० मध्ये माँ ब्लाँ या आल्प्समधील शिखराच्या चढाईत हिमस्खलन होऊन तीन वाटाडे भेगेत गाडले गेले. पुढच्याच वर्षी शामोनीच्या वाटाड्यांचा संघ स्थापन झाला. तो अजून आहे. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स फोर्ब्स यांनी हिमनदीच्या वेगावरून हिशेब करून सांगितले होते, की त्या तीन वाटाड्यांचे अवशेष सुमारे चाळीस वर्षांनी पायथ्याशी बाहेर पडतील. १८६१ पासून बोसों हिमनदीच्या तोंडाशी ते खरोखर मिळू लागले.

आइसलँडमध्ये निरीक्षणाची परंपरा याहून कमी नाही. स्वेइन पॉल्सन या वैद्याने १७९४ मध्ये ओरायवायोकुल हा हिमाच्छादित पर्वत चढताना वरून हिमनद्यांकडे पाहिले आणि बर्फ दाट द्रवासारखा वाहतो असे नोंदवले. पर्यटन मात्र फार उशिरा आले. दक्षिण किनाऱ्यावरच्या वाळूच्या मैदानातून वाहणाऱ्या, सतत पात्र बदलणाऱ्या नद्यांवर पूल नव्हते. ते झाले आणि देशाला वळसा घालणारा रस्ता १९७४ मध्ये पुरा झाला, तेव्हा स्काफ्ताफेल हे आज पदभ्रमणाचे मुख्य केंद्र असलेले ठिकाण सहज आवाक्यात आले. स्काफ्ताफेलचे राष्ट्रीय उद्यान १९६७ चे. २००८ मध्ये ते वात्नायोकुल उद्यानात विलीन झाले आणि २०१९ मध्ये हे उद्यान जागतिक वारसा यादीत गेले. वात्नायोकुल हा देशातला सर्वांत मोठा हिमाच्छादित प्रदेश आहे. त्याच्याखालीही ज्वालामुखी आहेत : १९९६ च्या उद्रेकानंतर आलेल्या महापुराने नव्या रस्त्यावरचा पूल वाहून नेला. त्याचे पिळवटलेले पोलादी गर्डर रस्त्याकडेला मुद्दाम ठेवले आहेत. दुसरे केंद्र सोल्हेमायोकुल, राजधानी रेक्याविकपासून सुमारे १५० किलोमीटरवर. ती मीर्दाल्सयोकुल या हिमाच्छादित प्रदेशाची एक शाखा. वरच्या बर्फाखाली कात्ला ज्वालामुखी आहे आणि या शाखेतून निघणाऱ्या नदीला गंधकाचा वास येतो.

धोके व अपघात : भेगेत पडण्याबरोबरच वरून काही कोसळण्याचीही भीती असते. इटलीतील मार्मोलादा येथे ३ जुलै २०२२ रोजी हिमनदीचा मोठा तुकडा तुटून अकरा जण दगावले. आइसलँडमध्ये २५ ऑगस्ट २०२४ रोजी ब्रेइदामेर्कुरयोकुल या हिमनदीवर बर्फाची गुहा पाहायला गेलेल्या गटावर बर्फ कोसळून एक अमेरिकन पर्यटक ठार आणि एक महिला जखमी झाली. गटात पंचवीस जण असल्याची पहिली माहिती होती. शोधपथकांनी टनावारी बर्फ हातांनी, करवतींनी उपसला आणि दुसऱ्या दिवशी कळले, की मुळात तेवीसच होते. बर्फाखाली कोणीच नव्हते. याद्या धड ठेवण्यापासून उन्हाळ्यात बर्फाच्या गुहांत माणसे न्यावीत की नाही इथपर्यंत सगळे त्यानंतर चर्चेत आले. खरे तर गुहांचा हंगाम हिवाळा, कारण थंडीत बर्फ घट्ट राहतो; उन्हाळ्यात गुहा पर्यटकांच्या मागणीमुळे चालल्या. असे धोके ओळखून आधीच माघार घेतल्याचीही उदाहरणे आहेत. स्वीनाफेल्सयोकुल या हिमनदीच्या वरच्या डोंगराला लांब तडा गेल्याचे आढळल्यावर २०१८ मध्ये तिथे न जाण्याचा इशारा देण्यात आला आणि वाटाड्यांनी शेजारची हिमनदी धरली.

पाहुण्याने करायच्या गोष्टी त्या मानाने सोप्या. वाटाड्याच्या पावलावर पाऊल टाकावे, फोटोसाठी रांग सोडू नये. वारा किंवा पाऊस पाहून सहल रद्द झाली, तर हुज्जत घालू नये. हे शेवटचे आपल्याकडच्या मोठ्या गटांना विशेष जड जाते, कारण व्हिसापासून विमानापर्यंतचा खर्च त्या एका दिवसावर लावलेला असतो.

भारतात या अर्थाने हा व्यवसाय जवळपास नाही. हिमालयातल्या हिमनद्या उंचावर आहेत आणि त्यांचा खालचा भाग बहुधा दगडमातीने झाकलेला असतो. गढवालात त्यांना ‘बामक’ म्हणतात, लाहौलमध्ये ‘शिगरी’. गंगोत्रीहून गोमुखाला रोज ठरावीकच लोकांना परवाना मिळतो. त्यापुढे तपोवनाकडे जाणारा हिमनदी ओलांडतो खरा, पण पायाखाली दगडांचा राडा असल्याने आपण बर्फावर आहोत हे त्याला खालून येणाऱ्या पाण्याच्या आवाजावरूनच कळते.

हिमनद्या आटत चालल्याने या सहलींचे रूपही बदलते आहे. न्यूझीलंडच्या फ्रान्झ जोसेफ हिमनदीवर २०१२ पर्यंत दरीतून पायी चढता येत असे. बर्फ मागे सरकला, तोंडाशी दगड कोसळू लागले आणि आता तिथे हेलिकॉप्टरनेच उतरावे लागते. सोल्हेमायोकुलची मोजणी १९३० च्या दशकापासून होते आहे. मधल्या काळात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ती काही वर्षे पुढेही सरकली होती. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून मात्र ती सतत मागे जाते आहे. जवळच्या शाळेची मुले २०१० पासून दर शरद ऋतूत तिथे जाऊन अंतर मोजतात. सुरुवातीला हिमनदीच्या टोकापर्यंत चालत जाऊन मोजता येत असे. आता मध्ये खोल तळे झाले आहे आणि पलीकडे जायला होडी लागते.