कुत्र्या-मांजराला विमानाने न्यायचंय? तिकिटाआधी कॅलेंडर काढा

विमान कंपनीला फोन करून ‘कुत्रा चालतो का?’ असं विचारलं तर बहुतेक वेळा ‘चालतो’ असंच उत्तर मिळतं. उत्तर खरं असतं, पण अपुरं. कंपनी फक्त तिच्या विमानापुरतं सांगते. ज्या देशात उतरायचं तिथले नियम वेगळे, वाटेत विमान बदलायचं असेल तर तिथले आणखी वेगळे, आणि पाळावे मात्र सगळेच लागतात. म्हणून सुरुवात उतरायच्या देशापासून करावी आणि तारखा उलट्या मोजत मागे यावं. काही देशांसाठी हा हिशोब सात-आठ महिने मागे जातो. तिकीट सगळ्यात शेवटी.

केबिन, होल्ड की कार्गो

लहान कुत्री आणि मांजरं केबिनमध्ये, तुमच्या पायाशी जाऊ शकतात. बऱ्याच कंपन्यांची मर्यादा बॅगेच्या वजनासकट 8 किलोच्या आसपास असते. बॅग समोरच्या सीटखाली मावायला हवी आणि प्राण्याला आत उभं राहून वळता यायला हवं. आणीबाणीच्या दाराजवळची सीट मिळत नाही. एका विमानात केबिनमध्ये किती प्राणी घ्यायचे याचा आकडा ठरलेला असतो आणि तो फार लहान असतो. त्यामुळे आधी फोन करून प्राण्याची जागा आहे का ते विचारायचं, मग तिकीट काढायचं. लोक नेमकं उलट करतात.

मोठा कुत्रा तुमच्याच विमानात, पण खालच्या होल्डमध्ये चेक-इन सामान म्हणून जातो, किंवा वेगळ्या बुकिंगने कार्गो म्हणून. कधीकधी निवड तुमच्या हातात नसतेच. ब्रिटनमध्ये विमानाने येणारा पाळीव प्राणी कार्गो म्हणूनच यावा लागतो, मग तो दोन किलोचा का असेना; सूट फक्त सर्व्हिस डॉगला, म्हणजे अपंग व्यक्तीच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्याला. कंपन्यांच्या तऱ्हाही निरनिराळ्या. एमिरेट्सच्या केबिनमध्ये मांजर चालत नाही, पण दुबई आणि पाकिस्तानदरम्यानच्या काही मार्गांवर ससाणा चालतो!

पिंजऱ्याचं माप

काउंटरवरून परत पाठवण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे लहान पिंजरा. दुकानात ‘मीडियम’, ‘लार्ज’ असं बघून घेऊ नका, टेप घेऊन कुत्रा मोजा. विमान कंपन्यांची जागतिक संघटना आयएटीए जिवंत प्राण्यांच्या वाहतुकीची नियमावली काढते आणि बहुतेक कंपन्या तिचंच माप धरतात. चार मापं लागतात: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत उंची, खांद्यांची रुंदी, आणि उभं असताना डोक्यापर्यंतची उंची (कान ताठ असतील तर कानाच्या टोकापर्यंत). पिंजऱ्याची लांबी म्हणजे पहिलं माप अधिक दुसऱ्याचं निम्मं. रुंदी म्हणजे खांद्यांच्या दुप्पट. उंची म्हणजे चौथं माप अधिक आतल्या अंथरुणाची जाडी.

समजा, कुत्रा 80 सेंटिमीटर लांब आहे, कोपर 36 वर, खांदे 25 आणि डोकं 66 वर. मग पिंजरा किमान 98 लांब, 50 रुंद आणि 66 पेक्षा थोडा उंच हवा. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींसाठी यात आणखी 10 टक्के. दोन भाग नुसत्या प्लास्टिकच्या क्लिपांनी जोडलेले नकोत, धातूचे नट-बोल्ट लावा. चाकं असतील तर काढून टाका. पाण्याचं भांडं दार न उघडता बाहेरून भरता यायला हवं.

कागदांचा क्रम

खरी गोची इथे होते. कागद सगळे असतात, पण चुकीच्या क्रमाने तयार झालेले.

पहिली मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळख क्रमांकाची चिप. 15 अंकी, आयएसओ 11784 आणि 11785 या मानकांची. त्यानंतर रेबीजची लस. युरोपीय संघाच्या नियमानुसार चिप बसवण्याआधी दिलेली लस धरलीच जात नाही, कारण ती याच प्राण्याला दिली याचा पुरावा नसतो. दरवर्षी इमाने इतबारे लस दिलेल्या कुत्र्यालाही मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. लस देताना पिल्लू किमान 12 आठवड्यांचं हवं आणि पहिल्या लसीनंतर 21 दिवस थांबावं लागतं. बूस्टरची तारीख एक दिवस जरी हुकली तरी पुढची लस ‘पहिली’ ठरते. म्हणून चिप आणि लस एकाच दिवशी असतील तर डॉक्टरांना सांगा: आधी चिप, ती स्कॅनरवर वाचून बघा, मग सुई.

ज्या देशांच्या रेबीज नियंत्रणावर युरोपीय संघाचा भरवसा नाही, तिथून येणाऱ्या प्राण्याला टायटर टेस्टही लागते. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान 0.5 आंतरराष्ट्रीय एकक यायला हवं. रक्त लसीनंतर 30 दिवसांनी घ्यायचं आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबायचं. जपानमध्ये ही वाट 180 दिवसांची आहे, शिवाय पोहोचण्याच्या 40 दिवस आधी कळवावं लागतं. ऑस्ट्रेलियात सगळं नीट असलं तरी मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात किमान 10 दिवसांचं क्वारंटाइन असतं. अमेरिकेने 1 ऑगस्ट 2024 पासून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला किमान सहा महिन्यांचं वय, चिप आणि सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचा ऑनलाइन फॉर्म बंधनकारक केला. रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशातून आलेल्या कुत्र्याला त्याहून अधिक कागद लागतात.

कुत्र्याला ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा किंवा नॉर्वेत न्यायचं असेल तर फीतकृमीचं औषधही द्यावं लागतं. ते पोहोचण्याआधी 24 ते 120 तासांत दिलेलं असावं आणि डॉक्टरांनी तारखेसोबत वेळही लिहिलेली असावी. विमान उशिरा सुटू शकतं हे धरून, दोन-तीन दिवस आधीची वेळ मला सोयीची वाटते.

शेवटचं हेल्थ सर्टिफिकेट. युरोपसाठी ते पोहोचण्याच्या आधीच्या 10 दिवसांतलं आणि सरकारी पशुवैद्यकाच्या सहीशिक्क्याचं लागतं. हातात पडताच तिथेच उभं राहून चिपचे पंधराही अंक ताडून बघा.

चपटं नाक आणि गुंगीचं औषध

कुत्रा धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग यांचा श्वासमार्गच अरुंद, त्यामुळे उष्णता आणि ताण एकत्र आले की त्यांना लवकर धाप लागते. अमेरिकेत 2005 ते 2010 या काळात विमान कंपन्यांनी कळवलेल्या 122 कुत्र्यांच्या मृत्यूंत जवळपास निम्मे कुत्रे अशा जातींचे होते. म्हणूनच अनेक कंपन्या त्यांना होल्डमध्ये घेत नाहीत. पर्शियन मांजरांनाही कित्येकदा हाच नियम लागतो. गुंगीचं औषध देऊन आणलेला प्राणी तर कुठल्याही जातीचा असो, बऱ्याच ठिकाणी नाकारला जातो. औषधाने रक्तदाब उतरतो, तोल जातो, आणि वर विमानात बघायला कोणी नसतं.

सर्व्हिस डॉग म्हणजे पाळीव प्राणी नव्हे

अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी ठरावीक काम शिकलेला कुत्रा हा सर्व्हिस डॉग. त्याला भाडं नाही, बॅग नाही, वजनाची मर्यादा नाही. तो मालकाच्या पायाशी बसतो. नुसता सोबतीने धीर देणारा प्राणी यात मोडत नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याचा नियम 11 जानेवारी 2021 पासून हेच स्पष्ट करतो: सर्व्हिस ॲनिमल म्हणजे फक्त कुत्रा, आणि भावनिक आधाराच्या प्राण्यांना कंपनी साधे पाळीव प्राणी मानू शकते. मानसिक आजारासाठी प्रशिक्षण घेतलेला कुत्रा मात्र इतर सर्व्हिस डॉगच्या बरोबरीचा.

या नियमाखाली कंपनी आरोग्य, वागणूक आणि प्रशिक्षणाचा सरकारी फॉर्म मागू शकते. प्रवास आठ तास किंवा जास्त असेल तर शी-शूबद्दलचा दुसराही. तिकीट आधीच काढलं असेल तर फॉर्म 48 तास आधी मागता येतो. कर्मचारी विचारू शकतात की कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का आणि त्याला काय काम शिकवलंय. आजार कोणता, हे विचारता येत नाही. नुसत्या जातीवरून नकारही देता येत नाही. पण कुत्रा गुरगुरला किंवा अंगावर धावला तर सवलत जाते. ऑनलाइन विकत मिळणारं जाकीट आणि ओळखपत्र माझ्या मते निव्वळ पैशांचा चुराडा आहे. युरोपात आणि इतरत्र अनेक कंपन्या असिस्टन्स डॉग्ज इंटरनॅशनल किंवा इंटरनॅशनल गाइड डॉग फेडरेशन यांच्या सदस्य संस्थेतलं प्रशिक्षण मागतात. म्हणजे स्वतः शिकवलेला कुत्रा अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात चालेल आणि दुसऱ्या मार्गावर अडेल, असं होऊ शकतं. आणि एक विसरू नका: सूट देते ती विमान कंपनी. चिप, लस, सर्टिफिकेट यांतून सर्व्हिस डॉगही सहसा सुटत नाही.

विमानतळावर केबिनमधल्या प्राण्याला सुरक्षा तपासणीत बॅगेतून बाहेर काढावं लागतं. बॅग एक्स-रेमधून जाते, प्राणी कडेवरून. मांजर असेल तर हार्नेस घरूनच घालून न्या.