५००० वॅटचा डबा अन् सोलापुरी चादर

आमच्याकडं साऊंड घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न एकच, किती वॅटचा? भजनी मंडळासाठी गणपतीच्या आधी स्पीकरचे दोन डबे तालुक्याहून ट्रायलला आणले होते, एक मोठा, लाईट लुकलुकणारा, वर ५००० वॅट पीएमपीओ छापलेलं, दुसरा बारका, साधा, १०० वॅट. सगळ्यांचा जीव अर्थातच मोठ्यावर.

आता पीएमपीओ म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत कधीतरी निघेल म्हणून सांगितलेला आकडा, अन् तो कसा मोजायचा हे कुठं धड ठरलेलंच नाही. सतत किती देतो तो आकडा आरएमएसचा. बरं वॅट खरे धरले तरी दुप्पट केल्यावर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, कानाला "वाढला वाटते थोडासा" इतकंच कळतं. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात!

हे कळलं की काही लोक एकदम दुसऱ्या टोकाला जातात, म्हणे मोजमाप सगळं झूठ, आपले कान खरे. मला ते पण पटत नाही.

मीटर खोटं बोलत नाही, पण कान काय करतो ते त्याला माहीत नसतं. सोयाबीनचं थ्रेशर चालू असलं की शेजारचा माणूस काय म्हणते ते ऐकू येत नाही, तसंच मोठा आवाज आजूबाजूच्या बारक्या आवाजाला झाकून टाकतो. एमपीथ्री चालते ती याच्यावरच. सीडीत सेकंदाला १४११ किलोबिट असतात, एमपीथ्रीत १२८ पण चालतात, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर माल फेकून दिला, मीटरवर फरक ढळढळीत दिसते, अन् आपण मजेत ऐकत बसतो. डिस्टॉर्शनच्या, म्हणजे मूळ आवाजात डबा जो बिघाड करतो त्याच्या, एका आकड्याचं पण तसंच, झाकलं जाणारं डिस्टॉर्शन अन् कानात टोचणारं डिस्टॉर्शन दोन्ही एकाच टक्क्यात मोजल्या जाते.

अजून एक. रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज कमी केला की खंजिरी ऐकू येत राहते पण मृदंगाचा धुम आधी गायब होतो, हे प्रत्येक भजनवाल्याला माहीत आहे. डबा तोच, बदलतो तो आपला कान. हळू आवाजात खालचे सूर त्याला फार कमी ऐकू येतात, २ ते ५ हजार हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढी कंपनं) आसपास तो सगळ्यात तिखट. फ्लेचर अन् मन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढले होते.

मग मोजायचं तरी काय? कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉईड टूल या आवाजाच्या अभ्यासकानं स्पीकर पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले, अन् कोणता डबा आहे ते दिसत नसलं की लोकांची आवड बरीच जुळते असं निघालं. पुढं १९९४ मध्ये टूल अन् शॉन ऑलिव्ह यांनी स्पीकर बनवणाऱ्या हार्मन कंपनीच्याच ४० माणसांना स्पीकर आधी झाकून, मग दाखवून ऐकवले, तर त्यांनी दिलेले मार्क बदलले. २००४ मध्ये ऑलिव्ह यांनी ७० स्पीकर घेतले, प्रत्येकाच्या चहूबाजूंनी मोजमाप केलं, अन् नुसत्या त्या आलेखांवरून लोक किती मार्क देतील याचा अंदाज बांधला. खऱ्या मार्कांशी तो ०.८६ इतका जुळला, तंतोतंत जुळला असता तर १ आला असता. म्हणजे मोजमापातून कळतं, फक्त वॅटच्या एका आकड्यातून कळत नाही.

तर आम्ही पण देवळात सोलापुरी चादर बांधली, मागं दोन्ही डबे. फोनच्या ॲपवर आवाज सारखा केला, कारण जो जरासा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. ॲपचा आकडा बरोबर असेल असं नाही, पण दोघांना सारखं करायला चालते. नऊ जण बसले, सात जणांनी बारक्याला हात वर केला. चादर काढली तर आमचे एक म्हातारे बुवा म्हणे, "नाही बापा, मले तं हा मोठाच चांगला वाटला होता!" हात त्यांनी बारक्यालाच केला होता, सगळ्यांनी पाहिलं.

बारकाच घेतला. पण पहिल्या दिवशी कोपऱ्यात ठेवला अन् नुसता घुमायला लागला, मृदंग ऐकावं की टिनाचा सभामंडप! ५० हर्ट्झची लाट जवळपास ७ मीटर लांब असते, आमचा मंडप पण तेवढाच, मग ती भिंतीभिंतीतच अडकते, एका जागी धुमधुम अन् चार पावलांवर काहीच नाही. कंपनीच्या आलेखात आमचा टिन कुठून येणार. डबा कोपऱ्यातून दोन हात पुढं ओढला, मागच्या भिंतीला सतरंज्या टांगल्या, सतरंज्यांनी बारीक खणखण तेवढी गेली, धुमधुम बरंच कमी झालं ते डबा ओढल्यानं.

बुवा अजून म्हणतात मोठा घ्यायला पाह्यजे होता.